पाद्रीसाहेब, आभाराच्या पत्रात ‘मी’ कमी ठेवा

श्रीरामपूर तालुक्यातले एक वाचक लिहितात (पत्र लांब आहे, इथे त्यातला काही भागच दिला आहे; सोबत त्यांनी आभारपत्राचा मसुदाही धाडला होता): “मी सैन्यात धर्मशिक्षक, म्हणजे पाद्री होतो. नायब सुभेदार म्हणून लागलो, यंदा सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ज्या जवानांमध्ये राहिलो त्यांच्याबद्दल मनात देवाची उपकारस्तुती भरून आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी, ते कळत नाही. वहीत साठेक नावं आहेत. निम्मे ख्रिस्ती: नागा, मिझो, केरळचे, झारखंडचे. बाकी हिंदू, शीख, दोघे मुसलमान, मराठी मोजके. एकजण जखमी होऊन खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये चाकाच्या खुर्चीवर आहे. एका मराठी जवानाने स्वतःचा जीव घेतला. त्याचे आईवडील सांगली जिल्ह्यात असतात, बायको माहेरी गेली. नोव्हेंबरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाच्या पिकाची उपकारस्तुती आहे, तिथे पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर मांडायला सांगितलंय, फोटोंच्या स्लाइड्ससकट. सगळ्यांना एक छापील आभारपत्र आणि सोबत नव्या कराराची छोटी प्रत पाठवावी म्हणतो. योग्य होईल का?”

आदरणीय पाद्रीसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त.

छापील पत्र पाठवू नका. नवा करार त्या पाकिटात घालू नका. साक्ष जरूर द्या, पण स्लाइड्सशिवाय. आणि साठ नावांना एकदम हात घालू नका. उत्तरं आधी देऊन टाकली, आता कारणं.

सैन्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू यांना सैन्य जेसीओच्या, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या हुद्द्यावर घेतं. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत, म्हणजे सैन्याच्या बोलीतल्या आयएनआयमध्ये, त्यांचं प्रशिक्षण होतं. काम नुसतं रविवारच्या उपासनेचं नसतं. अंत्यविधी, इस्पितळातल्या भेटी, आजारातून उठणाऱ्यांबरोबर प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणं, मुलांना धर्मशिक्षण, कुटुंबांची विचारपूस, हे सगळं त्यात आलं. म्हणजे तुमच्या वहीतली बरीच माणसं तुम्हाला भेटली ती त्यांच्या पडत्या काळात.

आणि घोटाळा होतो तो इथेच. मदत करणारा आभार मानायला बसला की नकळत आपल्याच मदतीची यादी करतो. “तुमच्या आजारपणात तुमची सेवा करण्याची संधी मला मिळाली, त्याबद्दल मी प्रभूचा ऋणी आहे.” वाक्य नम्र दिसतं खरं. वाचणाऱ्याला मात्र त्यातून दोनच गोष्टी आठवतात, आपलं आजारपण आणि तुमचा मोठेपणा. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात अशी पाच वाक्यं आहेत. तो मसुदा बाजूला ठेवा.

नव्या करारातल्या पत्रांत प्रेषित पौल हे काम कसं करतो ते पाहा. थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्रात तो सुरुवातीलाच कळवतो की आम्ही तुमच्याबद्दल देवाची उपकारस्तुती करतो, आणि लगेच कारणं देतो: त्यांच्या विश्वासाचं काम, प्रीतीचे श्रम, आशेचा धीर. तिन्ही गोष्टी त्यांच्या, पौलाची एकही नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना तर तो स्वतः बंदिवासात आहे, आणि मदत घेऊन आलेल्या एपफ्रदीताला तो आपला सहसैनिक म्हणतो. हा एपफ्रदीत त्या कामात मरता मरता वाचलेला. अशा माणसांचा मान राखा, असं पौल मंडळीला बजावतो. आभार देवाचे, कारण समोरच्या माणसातलं, आणि ते त्याच्या कानावर जाईल असं लिहिलेलं. एवढं जमलं तर बाकी पत्र आपोआप उतरतं. देवाचे आभार प्रार्थनेत मानले आणि माणसाला कळवलंच नाही, तर पौलाची निम्मी रीत राहून गेली.

आता वही उघडा. प्रत्येक नावापुढे एकच ओळ लिहायची, आणि ती ‘त्याने’ या शब्दाने सुरू व्हायला हवी. त्याने काय केलं, काय म्हटलं, काय दिलं. “त्याने रोज पहाटे प्रार्थनास्थळासमोरचा बर्फ फावड्याने काढला.” “त्याने इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या पोराला आधी चहा द्यायला लावला.” ओळ ‘मी त्याला’ अशी सुरू झाली तर खोडा. ‘तो फार शूर होता’ अशी झाली तरी खोडा. शूर, त्यागी, देशभक्त ही विशेषणं जवान दर २६ जानेवारीला ऐकतो आणि टाळ्या संपायच्या आत विसरतो. पाच मिनिटं विचार करूनही ओळ सुचली नाही तर ते नाव प्रार्थनेच्या यादीत टाका. त्याला पत्र नाही. यात त्याचा अपमान होत नाही. पोकळ पत्राने झाला असता.

पहिल्या खेपेला बारा पत्रं. आठवड्याला दोन, हाताने लिहिलेली. त्याहून वेग वाढवला की हाताला वळण पडतं आणि पत्रं एकमेकांसारखी होऊ लागतात. पलटणीत पत्रं खाजगी राहत नाहीत, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! दोघांनी शेजारी बसून आपापली पत्रं वाचली आणि वाक्य न वाक्य सारखं निघालं, की दोन्ही पत्रं फुकट गेली. छापील पत्राचं तर साठही जणांच्या बाबतीत हेच होणार.

लांबी शे-दीडशे शब्द, कागदाची एक बाजू. नमुना म्हणून एक पत्र पुरं देतो. हे एका मराठी हवालदाराला आहे असं धरा. मजकूर तुमचा वेगळा असेल, सांगाडा हाच ठेवा.

“प्रिय हवालदार अमुक, तुमच्या पाद्रीचा नमस्कार. त्या हिवाळ्यात नाताळच्या आदल्या रात्री वाऱ्याने प्रार्थनेचा तंबू पाडला. तुम्ही सहाजण ड्यूटीवरून उतरला होता, कोणी बोलावलं नव्हतं, तरी आलात आणि मेखा पुन्हा ठोकल्यात. तुमच्यात ख्रिस्ती एकही नव्हता. निघताना तुम्ही म्हणालात, ‘साहेब, सकाळी तुमची माणसं येतील, त्यांना वारा लागायला नको.’ त्यानंतर जिथे जिथे उपासना घेतली तिथे वारा कुठून येतो ते आधी बघायची सवय मला लागली, ती तुमच्यापासून. गावी आल्यावर मंगळवारच्या प्रार्थनेत मी तुमचं नाव घेतो आणि तुमच्याबद्दल प्रभू येशूचे आभार मानतो. आईंना नमस्कार सांगा. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका.”

यात लिहिणाऱ्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, आणि त्यांतलं पहिलं तो काय शिकला ते सांगतं. आभाराचा खरा भार त्याच वाक्यावर असतो. त्या माणसामुळे तुमच्यात काय बदललं ते सांगता आलं, तर ‘आभारी आहे’ हे शब्द लिहिले नाहीत तरी चालतात. ‘मंगळवार’सुद्धा उगाच नाही. ‘तुम्हाला नेहमी प्रार्थनेत आठवतो’ असं सगळेच लिहितात आणि कोणी ते खरं धरत नाही. वार सांगितला की पाळावाही लागतो, म्हणून साठ नावं सहा वारांत वाटून घ्या, दिवसाला दहा. शेवटची दोन वाक्यं माणसाला मोकळं करतात. आभाराच्या पत्राला उत्तर द्यावं लागलं तर तेही एक देणं होऊन बसतं.

या पत्रात गाव, चौकी, पलटण, साल यांतलं काही नाही, हेही पाहा. ‘त्या हिवाळ्यात’ एवढं त्याला पुरतं, आणि तिसऱ्याच्या हातात पत्र पडलं तरी काही कळत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट निवृत्तीनंतर सुटत नाही. तुमच्यापेक्षाही जो अजून नोकरीत आहे त्याची काळजी जास्त. कुठली तुकडी कधी कुठे होती, किती माणसं होती, कुठल्या वाटेने सामान यायचं, हे आठवणीच्या ओघात सहज येऊन जातं. लिहून झाल्यावर पत्र एकदा फक्त याच नजरेने वाचा. आणि हेच मजकूर फेसबुकवर टाकून जवानाला टॅग करणं, व्हॉट्सअॅपच्या गटात वर्दीतले फोटो फिरवणं, हे अजिबात नको. समाजमाध्यमांबाबत सैन्याचे आदेश कडक आहेत, आणि तुमच्या कौतुकाबद्दल स्पष्टीकरण द्यायची पाळी त्याच्यावर येते.

नव्या कराराचं कारण थोडं नाजूक आहे, पण स्पष्ट बोलावं हे बरं. आभाराबरोबर दुसरं काही मागणं आलं की आभार संपले. पाकीट घरी बायको उघडते, कधी सासरा उघडतो. त्यांना दिसतं ते एवढंच: साहेबांनी इतक्या वर्षांनी आठवण काढली आणि सोबत धर्मग्रंथ धाडला. म्हणजे पत्र त्यासाठीच होतं का? हा संशय तुमच्या सगळ्या सेवेवर मागे जाऊन पडतो. हिंदू, शीख, मुसलमान जवान तुमच्याशी मोकळेपणी बोलले, कारण तुम्ही त्यांच्याकडून काही घ्यायला बसला नव्हता. ख्रिस्ती जवानांजवळ तर बायबल असतंच. कोणी आपणहून मागितलं, तर वेगळ्या पाकिटात खुशाल पाठवा.

म्हणून तुम्ही पाद्री आहात हे लपवायचं, असं मात्र नाही. काही जण भिडेपोटी ‘ईश्वर’, ‘परमात्मा’, ‘वरची शक्ती’ असे शब्द शोधत बसतात आणि पत्र परक्याने लिहिल्यासारखं होतं. ‘मी प्रभू येशूजवळ तुमचं नाव घेतो’ हे शीख सुभेदाराला खटकत नाही. सर्वधर्म स्थळात, म्हणजे पलटणीच्या सगळ्या धर्मांच्या एकत्र प्रार्थनास्थळात, तो तुमच्या शेजारी उभा राहिलेला आहे. ‘तुम्हीही’ असं म्हणून सुरू होणारं पुढचं वाक्य खटकतं. ते लिहू नका, एवढंच.

ख्रिस्ती जवानांना वचन द्यायला हरकत नाही, पण एकच, आणि तुम्ही दोघांनी मिळून वाचलेलं. पाच वचनांची माळ लावली की पत्राचं प्रवचन होतं. वचन उतरवूनही काढू नका. ‘स्तोत्र १२१’ असा नुसता आकडा द्या. मिझो, अंगामी, मल्याळम, ज्याची जी भाषा असेल त्या बायबलात तो काढून वाचेल, आणि ते शब्द त्याला तुमच्या हिंदीपेक्षा जवळचे वाटतील. पत्राची भाषा मराठी जवानांसाठी मराठी, बाकीच्यांसाठी पलटणीत बोलत होता तीच साधी हिंदी. पुस्तकी हिंदी नको. ‘कृतज्ञता ज्ञापित करता हूँ’ असं तुम्ही परेड ग्राउंडवर कधी म्हणाला नसाल, मग पत्रातही म्हणू नका.

जाता जाता: तुमच्या शेजारच्या खोलीतले पंडितजी, ग्रंथीसाहेब, मौलवीसाहेब यांची नावं वहीत दिसली नाहीत. त्यांची तुम्ही सेवा केली नाही, म्हणून ती सुटली असणार. बारांत तीन पत्रं त्यांची धरा.

आता सगळ्यात अवघड घर. ज्या मुलाने स्वतःला संपवलं त्याच्या आईवडिलांना पत्र लिहावं का, असं तुम्ही कंसात, जरा चोरटेपणाने विचारलंय. लिहावं. आणि बारांतलं पहिलं तेच लिहावं. अशा मृत्यूला सैन्याची मानवंदना नसते. गावात फलक लागत नाही, ध्वजदिनाला त्या आईवडिलांना कोणी व्यासपीठावर बोलावत नाही. हळूहळू घरात त्याचं नाव घेणंही थांबतं. म्हणून तुमच्या पत्रात त्याचं नाव हवं, ‘तुमचा मुलगा’ असं नुसतं नको. ते तुमच्याच वयाचे असतील तर दादा आणि वहिनी म्हणा, वडीलधारे असतील तर काका, काकू.

लिहायची एक साधी आठवण, त्याच्या चांगल्या दिवसांतली. व्हॉलीबॉलची जाळी तोच बांधायचा. बहिणीच्या लग्नाचा फोटो सगळ्या बराकीला दाखवत सुटला होता. मेसमध्ये पिठलं झालं तर आईच्या हातच्या पिठल्याची सर नाही म्हणायचा. त्यांच्याजवळ नसलेलं, फक्त तुमच्याजवळ असलेलं असं काहीतरी. मग दोन वाक्यं: तो आमच्यात होता याबद्दल मी देवाचे आभार मानतो, आणि अमक्या वारी त्याचं आणि तुमचं नाव घेतो. संपलं.

त्या दिवसाबद्दल एक अक्षर नको. ‘देवाची इच्छा’, ‘त्याला आता शांती मिळाली’ हेही नको. आत्महत्येबद्दल मंडळीची शिकवण काय, हा विषय त्या घरात पत्राने न्यायचा नाही. त्याच्या मनःस्थितीबद्दल, त्याच्या संसाराबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते तर मुळीच नको. ते त्याने पाद्रीला सांगितलं होतं, आणि ते तुमच्याबरोबरच राहायचं. शिवाय अशा मृत्यूनंतर चौकशी होते, पेन्शनवरून सासर-माहेरात वाद उठतात. तुमच्या पत्रातली कळवळ्याची एक ओळ कोणाच्या तरी वकिलाच्या फायलीत जाऊन बसू शकते.

“मला आधी कळायला हवं होतं” ही तुमच्या मनातली टोचणी आम्हाला तुमच्या पत्रात दिसली. ती त्यांच्या पत्रात उतरू देऊ नका. आभार आणि क्षमायाचना एका कागदावर आल्या की त्या दुःखी माणसांवर तुम्हालाच धीर द्यायची जबाबदारी पडते. ते ओझं आपल्या पाळकांपाशी किंवा बिशपसाहेबांपाशी उतरवा, समोरासमोर बसून. पत्र पोचल्यावर पंधरा दिवसांनी फोन करा, “आलो तर चालेल का” एवढं विचारा, आणि हो म्हणाले तर पत्नीला घेऊन जा. वर्षश्राद्धाच्या आसपास मात्र नको.

त्याच्या पत्नीचं पत्र वेगळं, तिच्या स्वतःच्या नावाने, ‘ताई’ म्हणून. पण पाठवण्याआधी तिच्या भावाला किंवा वडिलांना फोन करून तिला पत्र हवं आहे का, ते विचारायला सांगा. कदाचित दुसरं लग्न ठरत असेल, झालंही असेल. नव्या घरात आलेलं असं पाकीट तिला महागात पडू शकतं. नको म्हणाली तर तिचं नाव प्रार्थनेच्या यादीत. इकडचं तिकडे काही सांगायचं नाही, दोन्ही घरांना पत्र लिहिलंय हेसुद्धा नाही.

खडकीच्या मित्राला पत्र पाठवून भागणार नाही, प्रत्यक्ष जा. आधी सेंटरला फोन करून वेळ ठरवा. कण्याची दुखापत झालेल्या माणसाचा दिवस व्यायाम, आंघोळ, लघवी-शौचाच्या ठरलेल्या वेळा यांनी बांधलेला असतो, आणि पाहुण्यामुळे त्यातलं काही चुकलं तर त्रास त्याला होतो, पाहुण्याला कळतही नाही. खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत बसा. उभं राहून बोललात तर तो अर्धा तास मान वर करून बोलणार. त्याच्या खुर्चीवर हात टेकू नका, न विचारता ढकलू नका. बोलता बोलता तो हातांवर जोर देऊन अंग वर उचलेल. बसून जखमा होऊ नयेत म्हणून ते करावंच लागतं, तुम्ही सावरायला धावू नका. ‘तुम्ही आमची प्रेरणा आहात’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलंय की ते भिंतीवरच्या पाटीसारखं झालंय. वहीतली ‘त्याने’ची ओळ सांगा. डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना, त्याने सांगितल्याशिवाय नको. अर्ध्या तासात उठा, आणि लिहिलेलं पत्र हातात देऊन या; समोर वाचायला लावू नका.

साक्षीबद्दल. सात मिनिटं पुरतात. तुमची मंडळी तुम्हाला हार घालणार, शाल देणार, ‘आपले पाद्री सीमेवर होते’ म्हणून तरुण संघ टाळ्या पिटणार. ते प्रेम आहे, घ्या. पण माइक हातात आल्यावर विषय बदला. अर्ध्या मिनिटात तुमची ओळख, मग दोन माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं, मग प्रार्थना. माणसं निनावी: ‘एक हवालदार’, ‘झारखंडचा एक पोरगा’. हिमस्खलन, गोळीबार, शवपेटी यांनी मंडळी स्तब्ध होते खरी, पण घरी जाताना तिच्या लक्षात प्रसंग राहतो, माणूस राहत नाही. आणि एक रेघ कधी ओलांडू नका. कोणी काय केलं ते सांगता येतं. कोणी विश्वासाने काय कबूल केलं ते नाव बदलूनही सांगता येत नाही. आठ-नऊशे माणसांच्या पलटणीत दारू, कर्ज, घरचं भांडण यांचे तपशील नावाशिवायही ओळखू येतात, आणि हल्ली साक्ष मोबाइलवर रेकॉर्ड होऊन संध्याकाळपर्यंत शिलाँगला पोचते. स्लाइड्सना नाही म्हटलं तेही यासाठीच. फोटोत पाठीमागे काय काय आलंय ते तुम्ही आम्ही बघत नाही, दुसरा कोणी बघतो.

प्रार्थना लिहून न्या. ऐन वेळी बोलायला गेलं की ‘आमच्या शूर जवानांना विजय दे’ हेच तोंडी येतं. “हे प्रभू, ज्यांनी थंडीत दुसऱ्यासाठी जागा केली त्यांच्याबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. जे आज पहाऱ्यावर आहेत त्यांना जागं ठेव, जे इस्पितळात आहेत त्यांना झोप दे. ज्या घरी मुलगा परत आला नाही त्या घरी आम्हाला शेजारी कर.” इतकं बास.

उपकारस्तुतीला लोकांनी अर्पण केलेली बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव झाल्यावर ‘यंदाचे पैसे जवानांसाठी’ अशी टूम निघेल. तुमच्या वहीतल्या कोणाला ते पाठवू नका. ज्याचे आभार मानले त्याला पैसे दिले की तो लाभार्थी होतो. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गोळा करतं, तिथे मंडळीच्या नावाने भरून पावती घ्या. पेन्शन अडलेली, दाखला न मिळालेली घरं तुमच्या ओळखीची असतील तर त्यांनाही याच कार्यालयाचा रस्ता दाखवा.

तुमच्या पत्रात पत्नीचा उल्लेख एकदाच आहे, पाकिटं चिकटवणारी म्हणून. फॅमिली क्वार्टर्समध्ये कोणाचं बाळंतपण कोणी काढलं, नवरा चौकीवर असताना कोण कोणाकडे झोपायला गेलं, हे तुम्हाला नाही, त्यांना माहीत. बायकांना लिहायची पत्रं त्यांची त्यांना लिहू द्या, त्यांच्याच सहीने. त्यावर ‘सौ. व श्री.’ नको.

उत्तर नको म्हटलं तरी काही फोन येतील, आणि त्यातला एखादा रात्री अकरा वाजता, नुसतं “साहेब, झोप लागत नाही” म्हणणारा असेल. तेव्हा ऐका, प्रार्थना करा, पण तुमच्यावरच थांबवू नका. जिवाचं बरंवाईट करायचा विचार आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि सैन्यातल्या माणसांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या सैन्य वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, डिसेंबर २०२३ पासून आहे. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.

टपालाचं तुम्हाला पाठ आहे, पण पाकिटांवर पत्ते घालायला पुतण्या बसणार म्हणालात, म्हणून. नोकरीत असलेल्यांना नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ९ ने सुरू होणारा पिन आणि केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय). त्याखाली मदत म्हणून ‘लेह, लडाख’ लिहायचं नाही. ५६ चं टपाल दिल्लीहून आणि ९९ चं कोलकात्याहून पुढे जातं, युनिट कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं. खाजगी कुरिअर तिथे पोचत नाही. साधं टपाल किंवा स्पीड पोस्ट. बर्फ पडून रस्ते बंद झाले की पत्रं हवामान उघडेपर्यंत पडून राहतात, म्हणून उंचावरच्यांची पाकिटं दसऱ्याआधी टाका. जे निवृत्त झाले आणि पत्ता नाही, त्यांच्यासाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा: मद्रासचं वेलिंग्टन, आसामचं शिलाँग, बिहारचं दानापूर, मराठाचं बेळगाव. पत्ता मागू नका, तो देणार नाहीत. तिकीट लावलेलं बंद पाकीट आत ठेवा, वर नंबर, हुद्दा आणि नाव घाला, आणि पुढे रवाना करण्याची विनंती करा. परत आलं तर फोडून नव्याने लिहू नका. तसंच ठेवा, पलटणीच्या पुढच्या स्नेहमेळाव्याला न्या आणि त्याच्या बॅचच्या माणसाला विचारा.